माहीमकर चिताऱ्याचं नाव

माझ्या हातून एका माणसाचं नाव पुसलं गेलं. तो माणूस मरून दीडदोनशे वर्षं तरी झाली असतील. तो कसा दिसायचा, त्याला मूलबाळ होतं का, तो कशानं गेला, यातलं काहीच कुणाला ठाऊक नाही. त्याचं म्हणून एक नाव तेवढं जगात शिल्लक होतं, ते मी घालवलं आणि वर त्याबद्दल खोटं बोलले. हे लिहून मन हलकं होईल अशी आशा मला नाही. पण माझ्यानंतर सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती तेव्हाची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही परळला चाळीत राहायचो. वडील गिरणीत सूतखात्यात होते. चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी पास झाले होते आणि मला ड्रॉइंग टीचर व्हायचं होतं, पण आईच्या आजारपणात फॉर्म भरायचा राहून गेला आणि एक अख्खं वर्ष मोकळं मिळालं. आमच्या घरापासून दादरकडे चालत निघालं की पंधरा मिनिटांवर एक जुना कॉन्व्हेंट होता. तिथल्या सिस्टर दुपारी आसपासच्या चाळीतल्या बायका-पोरींना भरतकाम शिकवायच्या. आईनं मला तिकडे पाठवलं.

भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर तेव्हाच साठीच्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, जाड भिंगांचा चष्मा. बाकीच्या सिस्टर कुणी गोव्याच्या, कुणी मंगळूरच्या, आणि मदर सुपिरियर तर युरोपातून आलेल्या. या एकट्या माहीमच्या, तिथल्या खाडीकाठच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. बोलायच्या आमच्यासारखंच, फक्त मध्येच एखादा ‘गो’ आणि ‘हाय’ यायचा. वेदीवरच्या कापडासाठी मी वेलबुट्टी काढून दिली, ती त्यांनी बराच वेळ चष्म्याजवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, “सुई राहू दे गो पोरी. तू माझ्याबरोबर देवळात चल.” चर्चला त्या देऊळच म्हणायच्या.

तोवर मी चर्च बाहेरूनच पाहिलं होतं. आत गेल्यावर आधी गारवा लागला आणि मेणाचा वास आला. सिस्टर पुढे चालत होत्या आणि जणू स्वतःचं घर दाखवावं तसं दाखवत होत्या. इथं पूर्वी सगळी ताडामाडाची बनं होती. पोर्तुगीज पाद्र्यांनी त्यात लहानसं देऊळ बांधलं. पोर्तुगीज गेले, इंग्रज आले. मग म्हणे काही वर्षं इथं धान्याची पोती रचून ठेवलेली असायची. त्यानंतर कधीतरी सिस्टरांच्या संघाला ही जागा मिळाली आणि देवळाला लागून कॉन्व्हेंट उभा राहिला. हे सगळं त्यांनी एका जाड, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत मराठीतून लिहून ठेवलं होतं. चर्चचे जुने कागद, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरं, जे मिळेल ते. “कुणी सांगितलं लिहायला?” मी विचारलं. “कुणी नाय. पण मी नाय लिवलं तर कोण लिवणार?”

मुख्य वेदी सागवानाची होती, वरपासून खालपर्यंत कोरलेली, वर सोन्याचा वर्ख. सिस्टरांनी मला जवळ नेऊन विचारलं, “हे काय हाय सांग.” मी म्हटलं, घोस आहेत, शिंदीचे. त्या खळखळून हसल्या. ती द्राक्षं होती. प्रभूच्या रक्ताची खूण म्हणून द्राक्षवेल कोरायला सांगितला असणार, पण त्या सुतारानं द्राक्षं जन्मात पाहिली नव्हती; त्यानं आपल्या ओळखीचे घोस कोरले. देवदूतांचे कानही त्यानं टोचून ठेवले होते. त्यातल्या एकाच्या कानात चक्क बुगडी होती. रंगीत काचांच्या खिडक्या मात्र पुष्कळ नंतर बोटीनं आलेल्या, आणि त्यांतले संत गोरे, निळ्या डोळ्यांचे. सिस्टर त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नसत.

त्यांचा जीव होता तो डाव्या बाजूच्या छोट्या वेदीमागच्या फळीवर. पुरुषभर उंचीची लाकडी फळी, आणि तिच्यावर म्हणे चित्र होतं. मला दिसला तो नुसता काळा, चिकट थर. वर्षानुवर्षं मेणबत्त्यांचा धूर बसलेला, त्यावर कुणीतरी वेळोवेळी व्हार्निश मारलेलं, त्यावर परत धूर.

“यात लगीन हाय,” सिस्टर म्हणाल्या. “काना गावचं. लग्नात दारू संपते, मग प्रभू पाण्याची दारू करतो, ते. माझी आजी सांगायची, त्यातल्या सगळ्या बाया लुगडी नेसलेल्या. मरियामाय पण लुगड्यात. आणि चितारी आमच्या माहीमचा, आजीच्या माहेरच्या आळीतला. खाली त्यानं आपलं नाव घातलंय. आजीनं स्वतः पायलेलं, पोर होती तेव्हा.”

मदर सुपिरियरनी फक्त धूळ पुसायची परवानगी दिली होती. सिस्टरांनी त्या परवानगीचा अर्थ जरा सैल लावला. एकदा त्यांच्याकडे एक फिरते पाद्री आले होते, त्यांना जुन्या चित्रांतलं कळायचं. त्यांनी सिस्टरांना पद्धत शिकवली होती: काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. थुंकीसारखं साफ करणारं दुसरं काही नाही. पाणी नको, साबण नको. दिवसाला तळहाताएवढी जागा, त्याहून जास्त नाही.

हे ऐकून मी तशीच उभी राहिले. माझ्या वडिलांनी उभा जन्म सूतखात्यात काढला, कारण कापड विणायच्या साचाखात्यात आमच्या लोकांना घेत नसत. धोट्यातून दोरा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमची थुंकी लागलेला धोटा बाकीचे विणकर हातात धरत नसत. साचाखात्यात पगार जास्त, पण थुंकी आडवी आली. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. त्याच सुमाराला वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते आणि घरातल्या फळीवरचे देव आम्ही उतरवले होते.

“सिस्टर,” मी विचारलं, “माझी थुंकी चालेल?”

त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. “का गो? तुला खोकला हाय?”

मी नाही म्हटलं. “मग काय झालं? चाल, कापूस घे.”

त्या दिवसापासून मी रोज दुपारी जाऊ लागले. संध्याकाळी वडील विचारायचे, “काय, देवाच्या पाया पडून आलीस?” मी म्हणायची, “नाही, देवाचं तोंड पुसून आले.” ते हसायचे. थुंकीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा मात्र ते हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

काम फार सावकाश चालायचं. कापूस काळा व्हायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. पहिल्या आठवड्यात एका घागरीचा काठ दिसला, मग घागरीवरचा हात, हातात हिरव्या बांगड्या. ज्या दिवशी लाल चौकड्यांच्या लुगड्याचा काष्टा दिसला त्या दिवशी सिस्टर खाली बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. महिनाभरात मरिया दिसू लागली. सावळी, नाकात नथ, पोराला काहीतरी सांगायला जरा वाकलेली. तिच्या मागं वलांडीवर बोंबील वाळत घातलेले आणि त्यापलीकडे पाण्याची पट्टी. “माहीमची खाडी,” सिस्टर म्हणाल्या, “अशीच दिसायची मागल्या दारातून.” मी रोज घरी येऊन वहीत त्या दिवशी उघडलेल्या भागाचं चित्र काढायची.

तळाशी फळीभर रुंद अशी एक वीतभर पट्टी राहिली होती. नाव असलंच तर तिथं असणार होतं. सिस्टरांनी मला निक्षून सांगितलं, “ते सगळ्यांत शेवटी. आणि मी असल्याबिगर हात लावायचा नाय. ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं हाय.”

मी ‘हो’ म्हटलं होतं. हे मी विसरले असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक शाळामास्तर राहायचे. चळवळीतले होते. चौकातल्या भिंतीवर ते आठवड्याला एक भित्तिपत्रक लावायचे, हातानं लिहिलेलं, आणि त्यातली चित्रं मी काढून द्यायची. त्यांनी माझी वही पाहिली आणि ते उठून उभेच राहिले.

“हे कुठलं चित्र?”

मी सांगितलं.

“अगं, एवढ्या जुन्या चर्चमध्ये लुगड्यातली मरिया? काष्टा घातलेल्या बाया? मुंबई कुणाची विचारतात ना, दाखव त्यांना हे! पुढल्या रविवारी सभा आहे. तेव्हा अख्ख्या भिंतीवर हेच लावू. मोठं काढ. आणि चितारी कोण?”

“खाली नाव आहे म्हणतात. अजून साफ व्हायचंय.”

“मग कर की! नाव मिळालं तर काय बहार येईल. आपल्या माणसाचं नाव, मोठ्या अक्षरांत.”

त्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांना मी सिस्टरांची अट सांगितलीच नाही. मला तोवर कुणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं, आणि आता अख्खी भिंत मला मिळणार होती.

त्याच आठवड्यात सिस्टरांना ताप भरला. सोमवारी गेले तर कळलं, त्या आजाऱ्यांच्या खोलीत आहेत, कुणाला भेटू देत नाहीत. मंगळवारीही तेच. बुधवारी हरताळ होता, ठिकठिकाणी पोलीस होते, घरातून बाहेर पडू दिलं नाही. गुरुवारी मी गेले आणि पट्टीच्या एका कोपऱ्यावर कापूस फिरवून पाहिला. तिथला थर सगळ्यांत जाड होता. मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण वर्षानुवर्षं खाली ओघळून त्यात मुरलं होतं. तासाभरात नखाएवढी जागा निघाली. या हिशेबानं रविवारपर्यंत काही होणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी मी घरून धुण्याचा सोडा घेऊन गेले. रुमालाच्या टोकाला बांधून. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातून एक वाटी कढत पाणी मागून घेतलं, घसा बसलाय असं सांगून. चर्चमध्ये कुणी नव्हतं. भर दुपारची वेळ, रंगीत काचांतून फरशीवर निळं-तांबडं ऊन पडलेलं. मी गुडघे टेकून बसले, सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं आणि पट्टीवरून एकदा फिरवलं.

थर लोण्यासारखा सुटला. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्यांदा फिरवलं, आणि आतून अक्षरं वर आली. एक लांब आडवी रेघ आणि तिला लटकलेली मोडी अक्षरं, पिवळसर रंगात, ओली, चकचकीत. आम्हाला चौथीत मोडी होती, मी अक्षरं लावू शकत होते. शेवटचा शब्द मी सरळ वाचला: चितारी. त्याच्या आधीचा: माहीमकर. मग मी डावीकडे नजर नेली, जिथं नाव होतं. तिथून मी फडकं आधी फिरवलं होतं, आणि तिथं आता अक्षरं नव्हती. पिवळा ओघळ होता. पहिलं अक्षर अर्धं शिल्लक होतं. ते ‘प’ होतं की ‘फ’ की आणखी काही, हे मी ठरवते आहे तोवर तेही खाली घसरलं.

मी पदरानं टिपायला गेले. तीच माझी शेवटची चूक. पदराला पिवळा रंग लागला आणि फळीवर कोरं लाकूड राहिलं. ‘माहीमकर’ गेलं, ‘चितारी’ गेलं. सोडा आपलं काम करतच होता. मी धावत जाऊन साधं पाणी आणलं, ओतलं, पण तोवर वीतभर पट्टी बोडकी झाली होती.

मी किती वेळ तिथं बसले आठवत नाही. कुणी आलं नाही. मी फडकं, वाटी, रुमाल सगळं गोळा केलं. पदराचं टोक चौकातल्या नळावर चोळलं. घरी येऊन आईला म्हटलं, हळद सांडली.

रविवारी भिंतीवर माझं चित्र लागलं. चार कागद जोडून काढलेलं, रंगीत. लोक थांबून बघत होते. एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, “बघ, आपल्यासारखंच लुगडं.” कुणीतरी म्हणालं, “हे किरिस्तावांचं ना?” तर दुसरा म्हणाला, “असेना, माणसं इथलीच की.” मास्तरांनी मला पुढे बोलावून सगळ्यांना सांगितलं, ही आपल्या चाळीतली मुलगी. मग हळूच विचारलं, “नाव?”

“नाही मिळालं,” मी म्हटलं. “पुसलं गेलंय.”

ते हळहळले आणि सभेकडे वळले. मुंबई आमची, अशा घोषणा चालल्या होत्या. मीही हात वर करून ओरडत होते. ती मुंबई ज्याची होती अशा एकाचं नाव मी परवाच्या दिवशी वाटीभर पाण्यात घालवलं होतं.

पुढच्या मंगळवारी सिस्टर चर्चमध्ये आल्या. फार वाळल्या होत्या, हातात काठी होती. मी खरं सांगायचं ठरवून गेले होते. वाटेत शब्दही जुळवले होते. त्या सावकाश चालत फळीपाशी आल्या, वाकल्या, आणि चष्मा त्या बोडक्या पट्टीला जवळजवळ टेकवला.

“पोरी, हे लाकूड कसं उघडं पडलं?”

जुळवलेले शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि दुसरेच बाहेर पडले. “आधीच तसं होतं, सिस्टर. वरचा मेणाचा थर आपोआप सुटून पडला. खाली रंगच नव्हता.”

“अक्षरं?”

“काहीच नव्हतं.”

त्यांनी बोटानं लाकूड चाचपलं. ‘मी नाही म्हटलं होतं, मग हात का लावलास’ असं त्या विचारतील म्हणून मी वाट पाहत होते. विचारलं असतं तर कदाचित मी रडले असते आणि सगळं बोलले असते. पण त्यांनी विचारलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आजी खोटंच सांगत होती.”

“लहानपणी पाहिलं असेल, काहीतरी चूक...”

“नाय गो. तिला मोठेपणा सांगायची सवय होती.” असं म्हणून त्यांनी पिशवीतून निळी वही काढली, एक पान उघडलं, फूटपट्टी ठेवली आणि त्यावरच्या, आजीनं सांगितलेल्या चिताऱ्याबद्दलच्या दोन ओळी शाईनं नीट खोडल्या. खाली लिहिलं: ‘चित्रकाराचे नाव चित्रावर नाही.’ ते लिहिताना मी शेजारी उभी होते. शाई वाळायला त्यांनी त्यावर फुंकर घातली.

दोन-तीन महिन्यांनी माझी ॲडमिशन झाली आणि माझं जाणं कमी झालं. राज्य झालं त्या दिवशी परळला घरोघर तोरणं लागली होती. मी पेढ्याचा पुडा घेऊन कॉन्व्हेंटमध्ये गेले. आज सांगायचंच, असं परत एकदा ठरवलं होतं. सिस्टरांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुज्यामुळं मरियामाय दिसली मला डोळे जायच्या आधी.” मग कसं सांगणार होते? नाही सांगितलं. असे आणखीही दिवस आले, नाताळ, वाढदिवस. दरवेळी काहीतरी कारण सापडायचं. पुढं पुढं मी जायचंच टाळू लागले.

मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी लागली. लग्न झालं, मुलं झाली. शाळेत मुलांनी चित्र पुरं केलं की मी म्हणायची, खाली नाव घाला. मुलं उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घालायची आणि मला दुसरीकडे बघावंसं वाटायचं.

वीसेक वर्षं गेली असतील. आमच्या शाळेत एक ख्रिस्ती शिक्षिका होत्या. त्यांनी एकदा स्टाफरूममध्ये एक गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका दाखवली. त्याच चर्चची, कसल्याशा वर्धापनासाठी छापलेली. पानभर आमच्या चित्राचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की चित्रावर नाव नाही. पण हात तयार वाटतो, त्याअर्थी ते युरोपातून आलेल्या एखाद्या धर्मबंधूनं काढलेलं असावं. आणि स्थानिक चिताऱ्याची जी दंतकथा सांगतात तिला आधार नाही, असं कॉन्व्हेंटमधल्या एका ज्येष्ठ सिस्टरांच्या टिपणांतही नोंदलेलं आहे.

मी ती पुस्तिका मिटली. शिक्षिका विचारत होत्या, “बाई, बरं वाटत नाही का?”

त्याच शनिवारी चौकशी करत मी वांद्र्याला गेले. तिथं संघाच्या म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर आहे. आमच्या सिस्टर ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. डोळ्यांनी फार अंधुक दिसायचं, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. “इतकी वर्षं कुठं होतीस गो?” मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले आणि थांबले असते तर परत कारण सापडलं असतं म्हणून लगेच सुरुवात केली. सोडा, कढत पाणी, फडकं, ओघळ, पदर. माहीमकर. चितारी. सगळं सांगितलं.

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं, तो आवाज थांबला.

“नाव होतं,” त्या म्हणाल्या.

“होतं, सिस्टर.”

“मी काठी टेकत आलेली. आणि तू माझ्या तोंडावर बोललीस.”

“हो.”

“चूक झाली ते राहू दे. चुका मी पण केल्यात, सोडा काय असतो ते तुला मीच नीट सांगायला पायजे होतं.” मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. “पण माझ्या आजीला तू खोटी ठरवलीस! मेलेल्या बाईला! तुला ठाव हाय, मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते? देवा, ती खोटं बोलली, तिला माफ कर. वीस वर्षं रोज! आणि ती खरं सांगत होती!”

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

थोड्या वेळानं त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. निळी वही तिथं होती, कडा झिजलेली. “ते पान काढ.” मी काढलं. “खाली जागा हाय ना? लिव. तुज्या हातानं. काय केलंस ते, काय वाचलंस ते. आणि सही कर.” मी लिहिलं. त्यांनी भिंग घेतलं आणि एक एक शब्द बोटाखाली धरून वाचलं. फार वेळ लागला. ‘सोडा’ या शब्दाशी त्या थांबल्या, पुढे गेल्या.

“पहिलं अक्षर?”

“नीट दिसलं नाही. ‘प’ असेल किंवा ‘फ’. अर्धंच होतं.”

“‘प’च असणार.” त्या खुर्चीत पुढे सरकल्या. “आजीच्या माहेरचं घराणं ‘प’वरनंच हाय. डोळे मिटून आठव बघू. ‘प’ होता ना?”

मी डोळे मिटले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला. पिवळा ओघळ दिसला, त्यात एक वळण, आणि त्यांना हवं होतं म्हणून ते वळण मला ‘प’सारखं दिसायला लागलं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्यांना त्यांचा माणूस मिळाला असता. त्यांच्या आळीतला, त्यांच्या घराण्यातला. एवढं सगळं हिरावून घेतल्यावर हे एक अक्षर मी द्यायला काय हरकत होती? आणि ते कुणाला तपासता येणार होतं?

“मला ठाऊक नाही, सिस्टर,” मी म्हटलं. “खरंच ठाऊक नाही.”

त्यांनी मान हलवली. पेन घेतलं आणि खोडलेल्या दोन ओळींच्या शेजारी, समासात, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: ‘हे खरे होते.’ वही मिटून मांडीवर ठेवली. “जा तू आता. मला प्रार्थनेला बसायचंय.”

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जात राहिले. त्या भेटायच्या, चहा द्यायला सांगायच्या, गुडघ्यांचं, हवेचं, कॉन्व्हेंटमधल्या नव्या मुलींचं बोलायच्या. माफ केलं असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. चित्राचा विषय परत निघाला नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांना माहीमच्या कबरस्तानात पुरलं, त्या दिवशी मी मागच्या रांगेत उभी होते.

वही कॉन्व्हेंटकडे गेली. मी मदर सुपिरियरना पत्र लिहिलं, सगळं सविस्तर, आणि त्या पानाची नक्कल सोबत जोडली. तोवर मदर बदलल्या होत्या. या तरुण, केरळच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं, शांतपणे ऐकलं. “आम्ही दुरुस्ती करू,” म्हणाल्या, “पण दुसरा काही पुरावा आहे का? फोटो वगैरे?” मी म्हटलं, नाही. फक्त माझा शब्द. त्यांनी वहीचं ते पान परत पाहिलं, ज्यात वर माझं खोटं होतं आणि खाली माझं खरं, आणि वही मिटली.

पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत तो युरोपातला धर्मबंधू काढून टाकलेला आहे. त्याच्या जागी छापलंय, ‘चित्रकार अज्ञात, बहुधा माहीमचा’. मला एक प्रत पोस्टानं आली, सोबत आभाराचं छोटं पत्र. तो माहीमचाच होता, हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. ‘बहुधा’ हा शब्द माझ्यामुळं तिथं आला आहे आणि तो आता तिथंच राहणार.